अठरा किलोमोलचे सेकंद

अगं, परीक्षा यांची आणि घोर मला! यशवंतपूरच्या गॅस कारखान्यात ऑपरेटर व्हायचं, तर तासाचे किलोमोल सेकंदाच्या मोलमध्ये करता यायला हवेत. मोल हे गॅसचं माप, हजार मोलांचा एक किलोमोल. मी सातवी शिकलेली, मांडीवर बाळ, हातात उत्तरांची वही.

“तासाला अठरा किलोमोल. सेकंदाला किती?”

“गुणिले हजार, भागिले साठ. तीनशे मोल!”

“वहीत पाच आहे. अहो, साठनं भागून मिनिटाचंच आलं. सेकंदासाठी पुन्हा साठनं भागा!”

“सरी, बाई, सरी!” यांनी कानडीत ‘बरं, बरं’ म्हटलं.

परवा पास होऊन आले. म्हणाले, “साहेब विचारत होते, उत्तर बरोबर आहे, पण शेजारी ‘साठनं दोनदा भागलं’ असं कशाला लिहिलंय?”

“मग?”

“म्हटलं, सर, घरी गेल्यावर बायको पहिलं तेच विचारणार.”