बी साइडचं तिसरं

वजीर: परत. आणि कोपर जाग्यावर ठेव गो. गिटार वाजवतेस, नारळ खवत नाहीस.

ज्ञानेश्वरी: चाचा, तास झाला. हात भरून आला.

वजीर: भरू दे. मनगट सैल सोड. खाली-वर, खाली-वर, एक पण फटका चुकायचा नाय. तार बदलली तरी हात चालूच. तुझा बापूस मंडणगड गाडीत तिकिटाचा पंच कसा वाजवायचा? गाडीचा ब्रेक फेल झाला असता तरी सदूची टिकटिक थांबली नसती. तसं.

ज्ञानेश्वरी: टिकटिक येते मला. प्रश्न वेगाचा आहे.

वजीर: प्रश्न कसला? आठ महिने शुक्रवारची नमाज पढून आलो की तुझ्यासमोर बसतोय. तीन तारांवरचा तो उलटसुलट तुकडा, तो बसवायला मला जहाजावरच्या दोन फेऱ्या लागल्या. तुला एका पावसाळ्यात आला. आणि आता परवा रविवारी हॉलातल्या कार्यक्रमात वाजवायचं, तर आज बैलगाडी हाकतेस?

नसीमा: चहा झालाय. बैलगाडी थांबवा.

ज्ञानेश्वरी: आले, चाची. चाचा, मी रविवारी ह्याच वेगानं वाजवणार आहे.

वजीर: मग मी स्टेजवर तुझ्या बाजूला बसणार नाय.

नसीमा: झालं. आधी बापाला उठवलंत, आता लेकीला.

वजीर: मी कुणाला उठवलं?

ज्ञानेश्वरी: मी दहा वर्षांची होते, चाचा. पहिल्या रांगेत. ह्याच हॉलात. बाबा ह्याच गाण्याच्या दुसऱ्या भागात अडखळले, तुम्ही वाजवायचं थांबवलंत आणि माइकवर म्हणालात, “सदू, तू आपली घाटातली गाडीच सांभाळ. हे तुझ्या हातचं नाय.” अख्खा हॉल हसला. मीसुद्धा हसले. सगळे हसत होते म्हणून.

वजीर: मस्करी होती ती. तोसुद्धा हसला होता.

नसीमा: हसले आणि गिटार पिशवीत भरून घरी गेले. त्यानंतर इतकी वर्षं ईदचा शिरखुर्मा त्यांच्याकडे गेला, गणपतीचे मोदक इकडे आले. गिटार तेवढी कधी परत आली नाय.

वजीर: ती त्याची मर्जी. मी काय कुलूप लावलं होतं? अगो, आम्ही काय वाजवायचो, तुला ठाऊक नाय. मी जहाजावरून रजेवर आलो की सदू ड्युटी बदलून घ्यायचा. मांडवीच्या जेटीवर बसायचो. दोन गिटारी आणि एक डबा भाजलेले काजू. लोकं विचारायची, हे कुठलं भजन? सदू सांगायचा, अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचं. लोकं मान हलवायची. शेतकऱ्यांचं म्हटलं की लोकं विरोध करत नायत.

ज्ञानेश्वरी: आणि कॅसेट?

वजीर: बाल्टिमोरच्या गोदीत एक क्रेनवाला होता, त्यानं दिलीन. मी त्याला आमच्या घरचं आंब्याचं लोणचं दिलं. त्याच्या पोटाचं पुढं काय झालं, अल्ला जाणे. कॅसेटवर पेनानं नुसतं “ब्लूग्रास” लिहिलेलं, म्हणजे तिकडचं गावाकडचं संगीत. गाण्यांची नावं नायत. म्हणून आम्ही बोलायचो, ए साइडचं पहिलं, बी साइडचं दुसरं. आणि सगळ्यांचा बाप, बी साइडचं तिसरं.

ज्ञानेश्वरी: त्याचं खरं नाव सापडलंय मला.

वजीर: नको सांगू. तिसरंच बरं हाय.

ज्ञानेश्वरी: बरं. तिसऱ्याला तुम्ही मला कापो कुठे लावायला शिकवलंत?

वजीर: चौथ्या घरात. गिटारीच्या गळ्याला चिमटा चौथ्या घरात लावला, तरच कॅसेटशी सूर जुळतो. दोन महिने शोधलं होतं आम्ही ते.

ज्ञानेश्वरी: जगात सगळे दुसऱ्या घरात लावतात.

वजीर: आळशी असतील.

ज्ञानेश्वरी: ज्यानं तुमच्या कॅसेटमध्ये वाजवलंय, तोही? मला नेटवर मूळ रेकॉर्ड मिळाली. तीच आहे, चाचा. तेच तुकडे, शेवटाच्या आधी तार घासल्याचा बारीक आवाज येतो, तोसुद्धा. फक्त दोन घरं खाली. आणि सावकाश.

वजीर: मग तुझं नेट हळू असेल. डेटा संपला असेल.

ज्ञानेश्वरी: ती कॅसेट लावायचात तो टेपरेकॉर्डर तुम्ही दुरुस्त केला होता ना?

वजीर: दुरुस्त? नव्यासारखा केला! मोटारीवरची पुली झिजली होती, पट्टा सरकायचा. जहाजावरच्या लेथवर पितळेची बनवली मी. चीफ इंजिनिअर बोलला, वजीर, जहाज बुडेल पण ही पुली फिरत राहील.

ज्ञानेश्वरी: किती मिलिमीटरची?

वजीर: जुनी आठाची होती. मी नऊची केली. पट्टा जरा ताणून बसावा म्हणून, नायतर परत सरकला अस...

नसीमा: काय झालं? बोला की पुढं.

वजीर: आठाची नऊ.

ज्ञानेश्वरी: हो.

वजीर: मोटारीची पुली मोठी केली तर पट्टा जोरात पळणार. टेप जोरात पळणार. हे इंजिनरूमात झाडू मारणाऱ्याला पण कळतं.

नसीमा: मी तेव्हाच बोलले होते. माझ्या बहिणीच्या लग्नातली गाणी त्यात लावलीत, तर माझी नानी चिमणीसारखी चिवचिवत होती. तुम्ही काय बोललात? नसीमा, तुला कान नायत.

वजीर: मला वाटलं, नानीचा आवाजच तसा.

नसीमा: माझ्या नानीनं हाक मारली की खाडीपलीकडची होडी वळायची.

वजीर: थांब, थांब. म्हणजे तो अमेरिकेतला माणूस कमी वेगानं वाजवतोय. आणि मी त्याच्यापेक्षा फास्ट वाजवत होतो?

ज्ञानेश्वरी: शंभराला बारा-तेरानं.

वजीर: एक पण फटका न चुकवता. त्या वेगानं तिसरं वाजवणारा दुनियेत दुसरा कोण...

ज्ञानेश्वरी: मला तरी सापडला नाही.

वजीर: हां.

नसीमा: घ्या. हार आणू का बाजारातून?

ज्ञानेश्वरी: अजून एक आहे, चाचा. तुम्हाला दाखवावं की नाही, तीन आठवडे ठरत नव्हतं. बाबांचा व्हिडिओ आहे. ते जायच्या आधल्या वर्षीचा.

वजीर: कसला व्हिडिओ? सदूनं गिटार विकलीन ना?

ज्ञानेश्वरी: कपाटावर होती. ड्युटी नसली की दुपारी जेवून, दार लावून वाजवायचे. रिटायर झाल्यावर रोजच. आई म्हणायची, दार तरी उघडा, वारा येऊ दे. ते म्हणायचे, वारा आला की आवाज जातो. तुमचं घर तीन गल्ल्या सोडून, चाचा. तिथवर आवाज काय जाणार? तरी लावायचे.

वजीर: लाव.

(मोबाइलवर गिटार सुरू होते. शेवटपर्यंत वाजते.)

वजीर: पुरं वाजवलंन.

ज्ञानेश्वरी: हो.

वजीर: दुसऱ्या भागात अडकला नाय.

ज्ञानेश्वरी: घरी कधीच अडकले नाहीत. मूळ रेकॉर्ड आणि हे, दोन्ही शेजारी लावून बघितलं मी. एकत्र सुरू होतात, एकत्र संपतात.

वजीर: पण त्यानं तर आपलीच कॅसेट ऐकली होती. मग हा वेग त्याला सांगितला कुणी?

ज्ञानेश्वरी: एकदा विचारलं होतं मी, इतकं सावकाश का वाजवता म्हणून. म्हणाले, बोटांना धाप लागत नाही तिथं वाजवतो. मग म्हणाले, हे चूक आहे हं, बरोबर ऐकायचं तर वजीरकडे जा.

नसीमा: असं बोलले?

ज्ञानेश्वरी: म्हणून तर आले मी.

वजीर: मशीननं घात केला गो. मला काय ठाऊक? एका मिलिमीटरची गोष्ट. पुली जर आठाची...

नसीमा: माइकवर पुली बोलली नव्हती.

वजीर: नाय. मी बोललो.

नसीमा: चहा घ्या. निवतोय.

वजीर: नको. ज्ञानू, रविवारी मी उभा राहतो. माइक घेतो आणि सांगतो सगळ्यांना, सदूचं बरोबर होतं, माझी पुली चुकली.

ज्ञानेश्वरी: कुणाला सांगणार? तेव्हा हसले त्यातले निम्मे आता नाहीत. उरलेल्यांना आठवणार नाही. ते म्हणतील, वजीरचाचा आता पुलीवर भाषण करायला लागले.

वजीर: तुला आठवतंय ना?

ज्ञानेश्वरी: मला आठवतंय.

वजीर: मग तूच सांग, काय करू?

ज्ञानेश्वरी: बाजूला बसा माझ्या. बाबा बसायचे त्या खुर्चीवर. मी तिसरं वाजवते, त्यांच्या वेगानं. तुम्ही मागची साथ द्या.

नसीमा: ते नाय जमायचं ह्यांना. रस्त्यानं चालताना पण मला कधी पुढं जाऊ दिलं नाय.

वजीर: ती खरं बोलते. तीस-बत्तीस सुरावटी तोंडपाठ हायत मला, सगळ्या पुढच्या. सदू मागं काय वाजवायचा, ते मी कधी ऐकलंच नाय गो. मला वाटायचं, वाजवतोय कायतरी.

ज्ञानेश्वरी: मला येते ती साथ. पहिल्यांदा तीच शिकवली होती त्यांनी मला. आधी जाड तार एकटी, मग बाकीच्या सगळ्या एकदम. असं.

वजीर: सावकाश दाखव.