मामंजींची कवळी

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन जावा बसल्या होत्या.

“मामंजींची कवळी मोडली कशी गं?”

“हसताना उडाली. आम्ही चुकून त्या चावट सिनेमाच्या दुसऱ्या भागाला जाऊन बसलो.”

“मामंजी? चुंबन आलं की टीव्ही बंद करणारे?”

“तेच! पडद्यावर हिरोचा टॉवेल सुटला आणि मामंजी असे हसले, अख्खं थिएटर मागे वळून बघायला लागलं.”

“अगं बाई! पहिला भाग आपण त्यांच्या चोरून पाहिला होता.”

“तोच बरा होता. यात गोष्टीचा पत्ता नाही. हसवतो मात्र पोट दुखेपर्यंत.”

“आणि मामंजींना कसा वाटला?”

“विचारायची छाती कुणाची?”

तेवढ्यात आतलं दार उघडलं. कवळी नीट बसवत म्हातारबुवा बाहेर आले.

“दुसरा भाग जरा पातळच झालाय. आणि टॉवेल पहिल्यातला लालच हवा होता.”