दोन बोटांचं सुतक

पापुआच्या सीमेपलीकडे, आमच्या निर्वासित छावणीतल्या दवाखान्याची रांग. माझ्यापुढे दोघीजणी.

"काकू, ही दोन बोटं कुणाच्या सुतकात तोडलीत?"

"नवऱ्याच्या. बंडखोरांचा सेनापती हुबी चकमकीत मेला, अशी बातमी आली. आमच्या रीतीप्रमाणे बोटं तोडायला दगडावर ठेवली."

"अगं बाई! ते तर परवाच जंगलातून आलेत ना?"

"हो, तीस वर्षांनी. तो काय, समोरच्या झोपडीच्या दारात रताळं सोलतोय."

"मग खोटी बातमी कुठल्या मेल्यानं पाठवली?"

"त्यानंच."

"काय?"

"तेव्हा सरकारी शिपाई घरी आले, माझा हात उलगडून बघितला आणि त्याला शोधायचं थांबवलं."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

"काल. म्हणाला, तुला आधी सांगितलं असतं, तर बोटं तोडली नसतीस."

"मग तुम्ही?"

"रताळं सोलून मागत होता. म्हटलं, आता जन्मभर दोघांची तूच सोल."