हयात की मयत

भीमाशंकर : इथं तुम्ही नावाआधी 'सौ.' लिहिलंय, बाई. मग कुटुंबाच्या यादीत यजमानांचं नाव का नाही?

चंद्रप्रभा : ते घरी नसतात.

भीमाशंकर : नोकरीला बाहेरगावी?

चंद्रप्रभा : नाही. घर सोडून गेले. एकोणिसावं वर्ष चाललंय.

भीमाशंकर : आमची लीला दोन वर्षं तुमच्या वर्गात होती. कधी बोलली नाही.

चंद्रप्रभा : मी गणित शिकवायचे.

भीमाशंकर : तेही खरं. अन् ह्या बाकावर बसलेल्या आजी?

चंद्रप्रभा : सासूबाई. द्वारकाबाई. यादीत त्यांचं एकच नाव आहे.

भीमाशंकर : तिथंच कागद अडलाय. रिटायर झालेल्यांना दवाखान्याचं कार्ड द्यायचं, ही योजना नवीन आहे. तुमचं नाव आजच चढेल. पण नोकरदार बाईच्या यादीत सासू बसत नाही. सासूचा भार तिच्या मुलावर धरतात.

द्वारकाबाई : कुणाचा भार म्हणाले?

चंद्रप्रभा : काही नाही, आत्या. पाय बाकावर घ्या.

भीमाशंकर : सूज बरीच दिसते.

चंद्रप्रभा : हृदय वाढलंय. रोज दोन गोळ्या असतात. चुकल्या की तिसऱ्या दिवसापासून आडवं होता येत नाही, रात्रभर बसून राहतात. आतापर्यंत दवाखान्यातले डॉक्टर माझ्या नावावर गोळ्या देत होते. त्यांची बदली झाली. नवे डॉक्टर कार्ड मागतात.

भीमाशंकर : बाजारात?

चंद्रप्रभा : सोलापूरला मिळतात. पेन्शनीत ते बसत नाही.

भीमाशंकर : अन् मुदत आजचीच. पाच वाजता साहेब यादी बंद करतील. तशी एक वाट आहे. सात वर्षं माणसाची काही खबर नसली, तर कायदा त्याला मयत धरतो. मयत मुलाची आई विधवा सुनेच्या यादीत बसते. आजींनी लिहून द्यायचं, मुलाची खबर नाही. खाली त्यांचा अंगठा, त्याखाली तुमची सही.

चंद्रप्रभा : आणि हे 'सौ.'?

भीमाशंकर : खोडावं लागेल. अन् उद्या साहेब समोर बोलावून तसदीक, म्हणजे खातरजमा, करतात. तेव्हा कपाळावर कुंकू... माफ करा हं, बाई. माझ्या तोंडून बरं दिसत नाही.

चंद्रप्रभा : तुम्ही नियम सांगताय.

द्वारकाबाई : मलाबी सांगा की, साहेब. पाय गेलेत, कान न्हाय गेले. आमचा वसंता मेला असं लिहायचं, व्हय ना?

भीमाशंकर : तसं म्हणजे... कागदापुरतं, आजी. शाईचं पॅड आतल्या खोलीत आहे, घेऊन येतो. तोवर तुम्ही दोघी बोलून घ्या.

(भीमाशंकर आत जातो.)

द्वारकाबाई : चंद्रा, एक सांगायचं राहिलंय. वसंता हाय. कळंबला.

चंद्रप्रभा : हो.

द्वारकाबाई : हो काय?

चंद्रप्रभा : अडत दुकानात लिहायला असतात. दोन मुली आहेत.

द्वारकाबाई : तुला कुणी सांगितलं?

चंद्रप्रभा : चार वर्षांपूर्वी माझं परीक्षेचं केंद्र कळंबला होतं. दुकानावरून गेले. ते पोत्यांवर नंबर टाकत होते. तुम्हाला?

द्वारकाबाई : शेजारच्या शांताक्कानं. गेल्या नवरात्रात तुळजापुरात दिसला म्हणाली, कळंबास्नं बायकापोरं घेऊन आलेला. तुझ्या जिवाला लागंल म्हणून बोलले न्हाय.

चंद्रप्रभा : मीही तेवढ्यासाठीच.

द्वारकाबाई : बोललीस का त्याच्यासंगं?

चंद्रप्रभा : नाही. पेपर साडेदहाचा होता.

द्वारकाबाई : वाळलाय का लई?

चंद्रप्रभा : नाही. अंग धरलंय. चष्मा लागलाय.

द्वारकाबाई : चष्मा. त्याच्या बापालाबी लागला हुता.

चंद्रप्रभा : कारकून बाहेर येतील आता. काय करायचं?

द्वारकाबाई : तू सांग.

चंद्रप्रभा : मी सांगणार नाही. मुलगा तुमचा आहे.

द्वारकाबाई : नवरा तुझा हाय.

चंद्रप्रभा : त्यांच्याबरोबर मी वीस वर्षं काढली. तुमच्याबरोबर एकोणचाळीस.

द्वारकाबाई : वर्गात हायस का तू? सरळ सांग. गोळ्या न्हाय घेतल्या तर किती दिस?

चंद्रप्रभा : पावसाळा निघेल. दिवाळीचं सांगता येत नाही.

द्वारकाबाई : जरा खोटं बोलावं माणसानं म्हाताऱ्या बाईशी.

चंद्रप्रभा : तेच करायला बसलोय आपण इथं.

द्वारकाबाई : माझ्याशी न्हाय, त्या साहेबाशी. अन् ते माझं म्या करते. पाप माझ्या माथी.

चंद्रप्रभा : खाली सही माझी आहे, आत्या.

भीमाशंकर : पॅड वाळलं होतं, दोन थेंब पाणी घातलंय. झालं का बोलून?

द्वारकाबाई : झालं. कुठं लावायचा?

भीमाशंकर : थांबा, आधी तारीख घालू. मुलाची शेवटची खबर कधीची?

द्वारकाबाई : दिव्यांची अवस हुती. दिवे घासून पाटावर मांडले हुते. वाती व्हायच्या आधी गेला. त्यावर काय खबर न्हाय.

भीमाशंकर : इंग्रजी तारीख लागेल.

चंद्रप्रभा : एक ऑगस्ट, एकोणीसशे त्रेचाळीस. रविवार.

भीमाशंकर : रविवार नको. तारीख पुरे. हं, आजी, इथं. दाबा थोडं. छान उठलाय. बाई, तुम्ही इथं. अन् वर ते 'सौ.' खोडून बाजूला छोटी सही.

चंद्रप्रभा : एकच रेघ मारू?

भीमाशंकर : एकच. खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, नियम आहे.

चंद्रप्रभा : गोळ्या कधीपासून मिळतील?

भीमाशंकर : उद्या तसदीक झाली की कार्ड हातात. साडेदहाला या. आजींना आणू नका, त्यांचं काम झालं.

चंद्रप्रभा : चला, आत्या. हात द्या. बाहेर टांगा बघते.

द्वारकाबाई : चंद्रा, घरी गेल्यावर चहा ठेवू नको. आधी अंघोळीचं पाणी काढ. दोघींचं.