पाणी घातलेला लिंबूरस

हॅलो?… हो, मी मेरेसेईनीच. वासिती? आवाज का असा येतोय तुझा?… लेवुकाला पोचले ना सगळे पाहुणे? सासऱ्यांना जाऊन शंभर रात्री झाल्या, आज जेवण ना… मग?

काय शिजत नाहीये?… कोकोंदा? अगं, तो कुठं चुलीवर शिजतो! लिंबाच्या रसात मासा… हो, हो, माहितीये तुला. पण ऐक ना. पांढरा झालाच नाही? अजून काचेसारखा दिसतोय?… सकाळपासून?

रसात काय घातलंस?… खरं सांग.

पाणी! किती?… अगं बाई! वादळात लिंबं झडली, मान्य. म्हणून निम्मं पाणी?… नाही, ओरडत नाहीये. आंबट पातळ झालं की त्याचा जोरच उतरतो गं. तासाभराचं काम दिवसभर रेंगाळतं… नको! नारळाचं दूध ओतू नकोस, आणखी पातळ होईल. आधी ते सगळं निथळ, शेजारणीकडून लिंबं माग, नुसता रस…

थांब. सकाळपासून पातेलं कुठं होतं?… ओट्यावर? बर्फात नाही?… वीज नाही, कळलं गं, पण या उकाड्यात?… कुठला मासा?… वालू?

चाखलास?… मिरी चावल्यासारखा? ओठ चुरचुरतायत?… वासिती, थुंक. उकाड्यात राहिला की वालू विषारी होतो, मग असाच चुरचुरतो. चूळ भर. फेकून दे सगळं… लाज गेली खड्ड्यात! नवी सून असलीस म्हणून काय झालं? आत जा आणि सांग, कोणी हात लावू नका… हो, आत्ता. फोन चालू ठेव, मी आहे… मोठ्यानं… हां… शाब्बास.

कोण? सासूबाई?… बुला, मावशी, नमस्कार. मी वासितीची थोरली बहीण. चुकलं हो तिचं, लहान आहे… काय? तुम्ही खाल्लात? केव्हा?… वाटीभर?… आणि चव बिघडलीये हे कळलं होतं? मग का हो?…

…तिनं पहिल्यांदाच केला म्हणून.

मावशी, तोंड तापलंय? छातीत धडधडतंय?… तिला सांगू नको काय म्हणता! दवाखान्यात कोण नेणार तुम्हाला?… वासितीला द्या फोन. द्या हो.

वासिती, सासूबाईंनी खाल्लाय तो. जीप काढायला सांग… नंतर रड! आधी त्यांचा हात धर… बसल्या गाडीत?… मग तू खाली का उभी?… अगं, त्याच बोलावतायत ना तुला? चढ. चढ गं… फोन राहू दे. ठेवते मी.