पहिला ठसा मळाचा

टिचकी : पेटीत बारा खाचा. बारा खाचांत पाइपाच्या सांध्यांवरून फिल्मवर उतरवलेले बारा ठसे, बारा ठशांवर बारा चिठ्ठ्या. मोजदाद बरोबर आहे, आरसेभाऊ. फक्त सांधे मला अकराच दिसतायत.

आरसेभाऊ : अकरा कसे असतील ताई? वाफेच्या पाइपाला सांधे बारा. या साहेबांनी सही पण केलीय.

दादा : तुम्ही मनावर घेऊ नका, आरसेभाऊ. लहानपणी आई नवं भांडं घेऊन आली की ही आधी त्याला टिचकी मारून बघायची, तडा गेलाय का म्हणून. तेव्हापासून घरात टिचकीच नाव पडलं. आता प्रयोगशाळेनं भिंग दिलंय हातात, मग काय विचारता.

टिचकी : भांडं एकदा फुटकं निघालं होतं.

दादा : एकदा. आणि ते अजून ऐकवतेस. चल, आटप. संध्याकाळी बॉयलर पेटवायचाय. तुझा कागद आला की मी मोकळा.

टिचकी : कागद तयार आहे. त्याआधी जरा या स्टुलावर बस आणि डोळा लाव. तिसऱ्या सांध्याचा ठसा आहे. काय दिसतं?

दादा : मला शिकवणार का तू?

टिचकी : बघ ना.

दादा : पोलादाचे कण. एक ओरखडा, तिरका. टोकाला फाटे फुटलेत, दोन.

टिचकी : थांब, सरकवते. हा आठव्याचा. आता?

दादा : कण आहेत.

टिचकी : आणखी?

दादा : ओरखडा आहे.

टिचकी : टोकाला?

दादा : एकाच कागदानं घासलं की एकसारखेच ओरखडे पडणार. यांचा हात एक, कागद एक.

टिचकी : एकसारखे पडतील. जुळे नाही पडायचे. दोन्हीकडे फाट्यांची लांबी मोजली मी, कोनही मोजला. आणि आठव्यावर काळे ठिपके आहेत बारीक बारीक. तिसऱ्यावर ते नाहीत. ओरखडा तोच, फक्त एक ठसा मळका आणि एक स्वच्छ.

आरसेभाऊ : ठिपके ना, ते मळाचे. पहिल्या ठशावर येतातच.

टिचकी : पहिल्या म्हणजे?

आरसेभाऊ : म्हणजे कसंय ताई. पाइप घासला, आरशासारखा केला, ॲसिड लावलं, पुसला. तरी डोळ्याला न दिसणारी धूळ राहतेच. मग फिल्म ओली करून चिकटवायची, वाळली की ओढायची. पहिली फिल्म ती धूळ घेऊन येते. ती द्यायची नसते. दुसरी ओढायची, ती खरी. आमच्या उस्तादांचा नियमच होता, पहिला ठसा मळाचा, दुसरा मालाचा.

टिचकी : चांगला नियम आहे. मळाचे ठसे कुठं टाकता?

आरसेभाऊ : टाकवत नाहीत हो. मेहनत असते त्यात. हा काय, डबा.

टिचकी : बघू?

आरसेभाऊ : त्यात काय बघायचं?

टिचकी : मागे सांध्यांचे नंबर घातलेत तुम्ही. छान सवय आहे. एक, दोन, चार, पाच. तिसरा नाही. सहा, सात, नऊ, दहा, अकरा, बारा. आठवाही नाही. बारा सांधे, मळाचे ठसे दहा.

आरसेभाऊ : पडला असेल कुठंतरी.

टिचकी : तिसऱ्याचा पडलाय ना, आठव्या खाचेत. आणि आठव्याचा पहिलाही नाही, दुसराही नाही. आठव्या सांध्याला तुम्ही हातच लावलेला नाही, आरसेभाऊ.

दादा : अगं, काय बोलतेस. वीस वर्षं काम करतायत ते आमच्याकडे.

टिचकी : म्हणूनच त्यांनाच विचारतेय.

आरसेभाऊ : परांची नव्हती ताई तिथं. आठवा सांधा पार वर, तुळईच्या मागे. उरलेल्या अकरांना परांची बांधली होती, तिथं नुसती हवा. मी काय हवेत तरंगू? साहेबांना जाऊन विचारलं. साहेब म्हणाले, आठला काहीतरी लावून ठेव.

टिचकी : असं म्हणालास, दादा?

दादा : म्हणालो असेन. काहीतरी लावून ठेव म्हणजे शिडी लाव, चार फळ्या लाव, चढायची सोय कर. ह्यांनी पेटीत फिल्म लावली. माझं मराठी कच्चं नाही, यांचे कान कच्चे आहेत.

आरसेभाऊ : साहेब, माझ्या हातात पेटी उघडी होती. आठवी खाच रिकामी होती. तुम्ही पेटीकडे बघत म्हणालात.

दादा : मी फोनवर होतो. फोनवर असताना माणूस कुठंतरी बघतोच.

आरसेभाऊ : आणि शिडी लावायचं काम माझं असतं का? ते तुमच्या माणसांचं. मला शिडीबद्दल कोण कशाला सांगेल?

दादा : आता माझ्यावर ढकला.

आरसेभाऊ : ढकलत नाही. जे ऐकलं ते सांगितलं. चिठ्ठीपण तुम्हीच दिलीत हातात, आठ लिहिलेली.

दादा : बाराही चिठ्ठ्या सकाळीच लिहून ठेवल्या होत्या मी. एकदम. त्यात आठ असणारच.

टिचकी : फोनवर कोण होतं?

दादा : ही काय पोलीस चौकी आहे? तुझी वहिनी होती.

टिचकी : बरं.

दादा : बरं काय बरं? हे बघ, अकरा सांधे ठीक आहेत ना? कागद तयार आहे, तूच म्हणालीस. मग उरलेला एक काय आभाळातून पडलाय? त्याच कारखान्याचा पाइप, तीच वाफ, तेच वय.

टिचकी : पाचशे चाळीस अंशांची वाफ. त्या तापात पोलाद वितळत नाही, पण भाराखाली केसाकेसानं ताणलं जातं, वर्षानुवर्षं. ते सगळ्यात आधी कुठं हार खातं हे तुला माहितीये. वेल्डमध्ये नाही, वेल्डच्या काठाला. जोडताना जो भाजला गेला त्या बारीक पट्ट्यात.

दादा : क्रीप मला सांगू नकोस. कणांच्या कडेला बारीक पोकळ्या असतील सुट्यासुट्या. एवढ्या जुन्या पाइपात त्या निघायच्याच.

टिचकी : सुट्या असल्या तर खुशाल लाव बॉयलर. ओळीनं असल्या तर दुरुस्तीची तारीख ठरव. पण चीर असली तर पेटवायचा नाही. हे तुमच्याच नियमात आहे.

आरसेभाऊ : म्हणजे मी लावलेल्या फिल्मवरून, समजा, चीर असती तरी...

टिचकी : तिसऱ्याची तब्येत बघून आठव्याला औषध दिलं असतं मी. आणि खाली सही माझी.

आरसेभाऊ : मला वाटलं कागदोपत्री भरायचंय नुसतं. खोटं नाही बोलत.

टिचकी : दादा, आठव्या सांध्याच्या बरोबर खाली काय आहे माहितीये ना? पाणी तपासायच्या खोलीकडे जाणारी वाट. वहिनी त्या खोलीत कामाला, दिवसातून चार वेळा बाटल्या घेऊन तिथून जाते. दाबाची वाफ सुटली तर दिसतसुद्धा नाही. माणूस चालत चालत तिच्यात शिरतो.

दादा : नाही जात.

टिचकी : काय नाही जात?

दादा : ती तिथून नाही जात.

टिचकी : मग कुठून?

दादा : मागच्या जिन्यानं.

टिचकी : मागचा जिना तर सगळ्या इमारतीला वळसा घालतो. वहिनीचे गुडघे दुखतात. परवाच मला म्हणाली, जिने चढून जीव जातो. मी म्हटलं, नोकरीच तशी आहे. मला वाटलं नेहमीचेच जिने.

दादा : तिला चालायला सांगितलंय डॉक्टरनी.

टिचकी : चालायला, चढायला नाही. कधीपासून जाते मागून?

दादा : झाला असेल महिना.

टिचकी : कोणी सांगितलं तिला?

दादा : पुढच्या वाटेवर दिवा गेलाय.

टिचकी : दिवा लागतो तिथला. मी आत्ता त्याच वाटेनं आले. वहिनीबरोबर काम करते ना, ती चष्मेवाली, तीपण होती माझ्यापुढे. हातात बाटल्या. तिला दिवा गेल्याचं कोणी सांगितलेलं दिसत नाही.

आरसेभाऊ : मी बाहेर थांबतो, साहेब. घरचं बोलणं आहे.

टिचकी : घरचं नाही हे. बसा.

दादा : तुला काय वाटतं, मी मुद्दाम केलं?

टिचकी : मला काही वाटत नाही. मी विचारतेय.

दादा : आठव्याच्या शेजारी पाइप टांगलेला स्प्रिंगचा हँगर आहे. बॉयलर थंड झाला की त्याचा काटा वर यायला हवा, गरम झाला की खाली. गेल्या दोन वेळा तो हललाच नाही. बसलाय जागच्या जागी.

टिचकी : म्हणजे पाइप वाकतोय आणि भार सांध्यावर येतोय.

दादा : येत असेल. नसेलही. काटा गंजला असेल नुसता. मला माहीत नव्हतं, टिचकी. वाटत होतं. वाटण्यावर कोणी युनिट बंद ठेवत नाही. मी वर जाऊन सांगितलं असतं, मला आठवा सांधा बरा वाटत नाही, तर पहिला प्रश्न आला असता, कशावरून?

टिचकी : कशावरून, हे दाखवायलाच हे आले होते. फिल्म घेऊन.

दादा : हो.

टिचकी : आणि तू म्हणालास, काहीतरी लावून ठेव.

दादा : शिडी म्हणालो मी.

टिचकी : शिडी हा शब्द तुझ्या तोंडून निघाला नाही.

दादा : नसेल निघाला. मनात होता.

आरसेभाऊ : साहेब, मनातलं मला कसं ऐकू येणार?

टिचकी : बायकोला वाट बदलायला सांगताना शब्द सापडले तुला.

दादा : तिला पण कारण नाही सांगितलं. नुसतं म्हटलं, मागून जा. तिनंही विचारलं नाही. तुझ्यासारखी नाही ती.

टिचकी : परांची बांधायला किती माणसं लागतील?

दादा : चार. सांगितलीयत.

टिचकी : कधी सांगितलीस?

दादा : तू डबा मागितलास तेव्हा. खिशातल्या खिशात मेसेज केला.

टिचकी : खरं?

दादा : घे, फोन बघ. तुझा माझ्यावर विश्वास नाहीये ना आज, मग बघच.

टिचकी : बघते. ... ठीक आहे. चष्मेवालीलाही एक मेसेज कर. आणि तिला कारण सांग.

(परांचीवर, आठव्या सांध्याजवळ. पाइप थंड आहे, आवरण काढून ठेवलेलं आहे.)

आरसेभाऊ : वरची बाजू घासू का ताई? हात नीट पोचतो.

टिचकी : खालची. वाकणारा पाइप ज्या बाजूला ताणला जातो ती.

दादा : खालचीच घ्या, आरसेभाऊ. हँगर बसला असेल तर ताण तिकडेच येणार.

आरसेभाऊ : मग मला झोपावं लागेल. साहेब, पाय धरा माझे. सोडलेत तर पाणी तपासायच्या खोलीतच जाईन थेट.

दादा : धरलेत.

टिचकी : वेल्डवर नको, काठावर. वेल्ड अर्धा, पाइप अर्धा, मधला पट्टा पूर्ण आला पाहिजे.

आरसेभाऊ : येईल. पहिली ओढली. मळ बघा किती आलाय. ही डब्यात. नंबर घाला मागे, आठ.

टिचकी : घातला. आता डब्यात आठवा आहे.

आरसेभाऊ : दुसरी लावतोय. वाळू द्या जरा. ... ओढतो. घ्या, धरा कडेनं.

टिचकी : दादा, बॅटरी इकडे धर.

दादा : धरलीय.

टिचकी : आणखी जवळ.

दादा : एक हात यांच्या पायाला आहे ना.

आरसेभाऊ : सोडा आता, उठलो मी. काय दिसतंय ताई? पोकळ्या आहेत का? सुट्या?

टिचकी : दादा, इकडे ये. तूच बघ. भिंगात पट्टी आहे, मिलिमीटरची. ती रेघ कुठून सुरू होते?

दादा : ओरखडा नसेल कशावरून?

टिचकी : ओरखडा सरळ जातो. ही कणाकणाच्या कडेनं वळत गेलीय. कुठून सुरू होते?

दादा : तीनपासून.

टिचकी : कुठपर्यंत?

दादा : सतरा.

टिचकी : लिहा आरसेभाऊ. सांधा आठ, खालचा काठ. चीर एक. चौदा मिलिमीटर.