आजीच्या हातातलं घड्याळ

नव्या इमारतीच्या नकाशात मोकळ्या जागेत चाळीस गाड्या बसवता बसवता नकाशे काढणाऱ्याची मान आखडली होती. हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून तो बसला होता. शेजारच्या बाकावर एक सासू-सून बोलत होत्या.

“आई, गुडघे एवढे सुजेपर्यंत गप्प बसलात?”

“सांगून काय उजेड पडणार होता?”

“आणि छकुलीचं पावलं मोजायचं घड्याळ तुमच्या हातात कसं?”

“शाळेला रोज आठ हजार पावलं दाखवावी लागतात ना? ती टाकणार कुठे पोर? दुपारी घसरगुंडीला हात लावला, तर तळहाताला फोड आला.”

“ऊन उतरल्यावर पाठवायचं.”

“ऊन उतरलं की गाड्या परततात. फाटकापासून जिन्यापर्यंत पाय ठेवायला जागा नसते. समोरच्यांच्या मुलाचा पाय चाकाखाली जाता जाता वाचला, तेव्हा तूच म्हणालीस, खाली सोडू नका.”

“म्हणून तुम्ही चालता?”

“मग काय करू? गच्चीला कुलूप. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. ती पलंगावर बसून ओरडते, ‘आजी, अजून दोनशे!’”

“अहो, पण तिला तर बक्षीस मिळालं! सगळ्यात जास्त चालणारी मुलगी म्हणून!”

“मिळालं ना. तू कामावर होतीस, मी गेले होते. स्टेजच्या चार पायऱ्या चढली आणि पोरीला धाप लागली. लोकांना वाटलं, आनंदाने रडतेय.”